व्हिएन्नातलं १:५९:४० मॅरेथॉन म्हणून धरायचं का?

पहाटपळ

१२ ऑक्टोबर २०१९ ला एलिउड किपचोगेने व्हिएन्नाच्या प्राटर बागेत ४२.१९५ किलोमीटर अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापलं. तेव्हापासून 'दोन तासांच्या आत मॅरेथॉन पळणारा पहिला माणूस' असं त्याच्याबद्दल सर्रास लिहिलं जातं. मला हे खटकतं. किपचोगे माझा सगळ्यात आवडता धावपटू आहे, म्हणून जास्तच खटकतं.

त्या दिवशी काय काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे चर्चा हवेत व्हायला नको. हाउप्टआले हा झाडांमधून जाणारा सरळसोट, जवळपास सपाट रस्ता. त्याच्या दोन टोकांना वळसे घालून ९.६ किलोमीटरची फेरी आखलेली. काही दिवसांची मुदत राखून ठेवली होती आणि हवामान बघून तारीख-वेळ पक्की केली. पुढे विजेवरची गाडी. तिच्यातून रस्त्यावर हिरव्या लेझरच्या रेषा पडत होत्या, म्हणजे किलोमीटरला २:५० चा वेग कुठे आहे ते पेसरना (वेग धरून देण्यासाठी सोबत पळणाऱ्यांना) समोरच्या डांबरावर दिसत होतं. पेसर एकूण ४१, आणि साधेसुधे नाहीत : बर्नार्ड लगाट, तिघे इंगेब्रिग्टसन भाऊ, मॅथ्यू सेंट्रोविट्झ. एका वेळी सात जण पळायचे. पाच पुढे, किपचोगेच्या दिशेने निमुळत्या होत येणाऱ्या दोन फळ्यांत, आणि दोन त्याच्या मागे. ही रचना वारा कापण्यासाठी मुद्दाम शोधून काढलेली होती. पाणी आणि जेल सायकलवरून हातात. प्रतिस्पर्धी कोणी नाही.

यातल्या सगळ्यावर माझा आक्षेप नाही. सपाट रस्ता बर्लिनलाही आहे, पेसर तिथेही असतात, भारी बूट आता सगळ्यांच्याच पायात आहेत. मला मान्य नाही ती एकच गोष्ट : दमलेला पेसर बाजूला व्हायचा आणि ताज्या पायांचा आत यायचा. ४२ किलोमीटर वारा अंगावर घेणारं माणूस कायम ताजं होतं. स्पर्धेत पेसर तुमच्याबरोबरच सुरुवात करतो, तुमच्याबरोबरच दमतो आणि कधीतरी तुम्हाला एकट्याला सोडून जातो. त्यानंतरच खरी मॅरेथॉन सुरू होते.

बर्लिन २०१८ बघा. दोन पेसर १५ किलोमीटरच्या आसपासच गळाले, उरलेला २५ ला थांबला. पुढचे १७ किलोमीटर किपचोगे एकटा. पहिला अर्धा भाग ६१:०६, दुसरा ६०:३३. एकूण २:०१:३९. हे मला व्हिएन्नापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

गणिती

पहाटपळ, तपशील बरोबर, निष्कर्ष चूक.

व्हिएन्नाच्या आधी ६ मे २०१७ ला इटलीतल्या मोन्झाच्या मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर हाच प्रयोग झाला होता. पुढे गाडी, फिरते पेसर, खास बूट, सगळं तेच. पळणारे तीन होते : किपचोगे, इथिओपियाचा लेलिसा देसिसा आणि एरिट्रियाचा झेरसेनाय तादेसे. देसिसा बोस्टन जिंकलेला, तादेसेच्या नावावर तेव्हा अर्धमॅरेथॉनचा विश्वविक्रम. म्हणजे दोघेही अव्वल. किपचोगे आला २:००:२५ मध्ये, तादेसे २:०६:५१, देसिसा २:१४:१०. सुरुवातीला तिघांनाही तीच गाडी, तीच माणसं, तोच रस्ता. देसिसाची स्पर्धेतली सर्वोत्तम वेळ २:०४ च्या घरातली होती, आणि एवढी सरबराई होऊन तो जवळजवळ दहा मिनिटं मागे पडला.

मदत मदत म्हणून जे आपण ओरडतो ते पाय उचलत नाही. पाय त्याचेच होते.

किनारा

गणिती, देसिसाचं उदाहरण दिलंत तसं तादेसेचंही पूर्ण द्या. मोन्झाच्या आधी तो मॅरेथॉनमध्ये कधी २:१० च्या खाली आला नव्हता. मोन्झात २:०६:५१! आणि हे निम्म्या वाटेवर मुख्य गटातून सुटल्यावर. एका प्रयोगात तीन मिनिटांहून जास्त सुधारणा कुठून आली?

देसिसाने झेपणार नाही तो वेग पकडला आणि नंतर तो कोसळला, बस. कोणत्याही मॅरेथॉनमध्ये लोक तसे कोसळतात.

गणिती

कबूल, मदतीचा फायदा होतो. किती होतो ते मोजू. किपचोगेचं स्पर्धेतलं २:०१:३९ आणि व्हिएन्नातलं १:५९:४०, फरक १ मिनिट ५९ सेकंद. म्हणजे जेमतेम १.६ टक्के. उरलेलं सगळं केनियातल्या काप्तागातच्या कॅम्पमध्ये वर्षानुवर्षं केलेल्या सरावातून आलेलं आहे. १.६ टक्क्यांसाठी तुम्ही माणसाची अख्खी धाव खोडून टाकणार?

पहाटपळ

१.६ टक्के 'जेमतेम' नाहीत, म्हणून तर एवढा खटाटोप झाला.

२०११ मध्ये पॅट्रिक मकाऊने बर्लिनला २:०३:३८ चा विश्वविक्रम केला. त्यानंतर किपसांग २:०३:२३, किमेट्टो २:०२:५७ आणि २०१८ मध्ये किपचोगे २:०१:३९. मकाऊपासून किपचोगेपर्यंत सात वर्षं गेली, नवे बूट आले, अख्ख्या पूर्व आफ्रिकेतले धावपटू जिवाच्या आकांताने पळले, तेव्हा कुठे वेळ खाली आली. किती? बरोबर १ मिनिट ५९ सेकंद. व्हिएन्नात तेवढीच झेप एका सकाळी मारली. ती सात वर्षं ज्यांनी घाम गाळला त्यांच्या रांगेत हा आकडा ठेवता येत नाही.

आणि मी धाव खोडत नाहीये. ती धाव मी थेट बघितली आहे. शेवटच्या काही शे मीटरवर पेसर मागे राहिले, किपचोगे एकटा पुढे आला, प्रेक्षकांकडे बोट दाखवत, छातीवर हात मारत, आणि रेषा ओलांडून थेट बायकोच्या मिठीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण डोळ्यांत पाणी येणं ही विक्रमाची कसोटी नाही.

जुना खेळगडी

पहाटपळ यांचा 'ताजे पाय' हा मुद्दा नवा नाही. व्हिएन्नाच्या ६६ वर्षं आधी यावर निकाल लागलेला आहे, आणि तो त्यांच्या बाजूने आहे.

रॉजर बॅनिस्टरने ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डला चार मिनिटांच्या आत मैल पळला, ३:५९.४, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या आदल्या वर्षी, २७ जून १९५३ ला, मॉट्सपर पार्कला काय झालं ते फार कोणी सांगत नाही. शाळकरी मुलांच्या एका मैदानी स्पर्धेत बॅनिस्टरसाठी एक मैलाची शर्यत घुसवण्यात आली. धावणारे तिघेच. ऑस्ट्रेलियाच्या डॉन मॅकमिलनने पहिल्या अडीचेक फेऱ्या वेग धरून दिला. ख्रिस ब्रॅशर मुद्दाम हळूहळू जॉग करत मागे राहिला, इतका मागे की बॅनिस्टर एक फेरी पूर्ण करून त्याच्यापर्यंत आला. मग ब्रॅशर ताज्या पायांनी पुढे सरसावला आणि शेवटपर्यंत वेग ओढला. वेळ ४:०२.०. ब्रिटिश संघटनेने ही वेळ विक्रम म्हणून मान्य करायला साफ नकार दिला : ही खरीखुरी शर्यत नव्हती.

दहा-अकरा महिन्यांनी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड ट्रॅकवर तोच ब्रॅशर पुन्हा पेसर होता, पण या वेळी पहिल्या पावलापासून बरोबर. तो दमल्यावर ख्रिस चॅटअवे पुढे आला, तोही सुरुवातीपासून पळत असलेला. शेवटची झेप बॅनिस्टरने स्वतः घेतली. ती वेळ मान्य झाली आणि इतिहासात गेली. माणसं जवळपास तीच आणि हेतूही तोच होता. फरक होता तो वेग देणारा दमतो की नाही एवढाच.

भर उन्हात

छान लिहिलंत, पण मग ट्रॅकवरच्या दिव्यांचं काय?

आता मोठ्या स्पर्धांमध्ये ट्रॅकच्या आतल्या कडेला दिवे बसवलेले असतात. ठरवलेल्या वेगाने उजेड पुढे सरकत राहतो आणि धावपटूने फक्त त्याच्यामागे पळायचं. जोशुआ चेप्तेगेईने २०२० मध्ये मोनॅकोला ५,००० मीटर १२:३५.३६ आणि व्हॅलेन्सियाला १०,००० मीटर २६:११.०० असे दोन्ही विश्वविक्रम अशाच दिव्यांच्या साथीने केले. दोन्ही मान्य. दिवा कधी दमतो का? व्हिएन्नातली लेझरची रेषा चालत नाही आणि व्हॅलेन्सियातला दिवा चालतो, हे कुठलं तर्कशास्त्र?

बुटांचंही तेच. तळव्याची जाडी कमाल ४० मिलिमीटर आणि आत कडक प्लेट एकच, हा नियम जानेवारी २०२० मध्ये आला. म्हणजे व्हिएन्ना होऊन गेल्यावर! आधी मोकळं रान होतं. रेषा कुठे मारायची हे ॲथलेटिक्सची जागतिक संघटना सोयीप्रमाणे ठरवते आणि आपण ती दगडावरची रेघ मानतो.

पहाटपळ

दिवा वारा अडवत नाही. तो फक्त घड्याळाचं काम करतो, आणि घड्याळ मनगटावर असलं काय, जमिनीवर असलं काय, मला चालतं. व्हिएन्नातली गाडी आणि लेझर मी म्हणूनच आक्षेपात धरले नव्हते. किलोमीटरला २:५० म्हणजे ताशी २१ किलोमीटरच्या वर. त्या वेगाला हवा अंगावर येते, आणि ती दोन तास दुसऱ्या कोणीतरी झेलणं ही घड्याळापेक्षा वेगळ्या जातीची मदत आहे.

बुटांबद्दल मात्र तुमचं म्हणणं रास्त आहे, तिथे संघटना फार उशिरा जागी झाली.

स्वानंदी

इतका वेळ सगळी चर्चा पुरुषांच्या वेळांवर चालली आहे. 'ताजे पाय' ही कसोटी बायकांच्या मॅरेथॉनला लावली की काय होतं ते सांगते.

पॉला रॅडक्लिफने २००३ मध्ये लंडनला २:१५:२५ ची वेळ दिली. सोबत पुरुष पेसर होते. ज्या पुरुषाला २:१० ला पळता येतं तो २:१५ च्या वेगाने पळताना कितीसा दमणार? पहाटपळ यांच्या हिशेबाने तेही ताजेच पाय. २०११ मध्ये जागतिक संघटनेने नेमका हाच युक्तिवाद केला आणि ठरवलं की बायकांचा विश्वविक्रम फक्त बायकांच्याच शर्यतीत होऊ शकतो. म्हणजे रॅडक्लिफचं २:१५:२५ नुसती 'सर्वोत्तम वेळ', आणि विक्रम तिचाच २००५ चा, २:१७:४२. केवढा गदारोळ झाला! काही महिन्यांत संघटनेला माघार घ्यावी लागली आणि तेव्हापासून दोन वेगळ्या याद्या आहेत, मिश्र शर्यतीची आणि फक्त बायकांच्या शर्यतीची.

मला तो निर्णय आजही अन्यायाचा वाटतो. कारण जगातल्या बहुतेक शहरांच्या मॅरेथॉनमध्ये बायका आणि पुरुष एकत्रच सुटतात. लंडनसारखी एलिट बायकांना आधी सोडणारी शर्यत विरळा. बर्लिनला किंवा शिकागोला पळणाऱ्या बाईने आजूबाजूच्या पुरुषांना 'लांब व्हा, माझा विक्रम बाद होईल' असं सांगायचं का? रस्ता, सुटण्याची वेळ, रचना, सगळं आयोजक ठरवणार आणि विक्रम मात्र तिचा उणा होणार. मदत मोजताना ती धावपटूने मागितली की तिच्या वाट्याला आली, हेही बघायला हवं ना?

पहाटपळ

स्वानंदी, तुमच्या प्रतिसादावर बराच विचार केला. माझी कसोटी खरी असेल तर ती इथेही लागू होते, ती मी सोयीने वाकवणार नाही. तिगिस्त असेफाचंच बघा : बर्लिन २०२३, मिश्र शर्यत, २:११:५३, लंडन २०२५, फक्त बायका, २:१५:५०. रस्ता वेगळा, हवा वेगळी हे धरूनही चार मिनिटांच्या फरकात पुरुषांच्या सोबतीचा वाटा आहेच असं मला वाटतं. म्हणून दोन याद्या असणं मला योग्य वाटतं. पण मिश्र यादीला कमी लेखायचं कारण नाही, ती स्पर्धा आहे. तिथे दुसऱ्या बायका हरवायला असतात आणि हवामान कोणी निवडून दिलेलं नसतं. व्हिएन्नात यातलं काहीच नव्हतं.

कात्रजकडून

याद्यांवर एवढा विश्वास कशाला ठेवायचा? रूथ चेपनगेटिचने ऑक्टोबर २०२४ मध्ये शिकागोला २:०९:५६ ची वेळ दिली, २:१० च्या आत येणारी पहिली बाई. मार्च २०२५ मधल्या तिच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं आणि तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पण शिकागो त्या नमुन्याच्या आधीचं, म्हणून ते कायम ठेवलं. नियमाने ते बरोबरही असेल. मात्र ती वेळ यादीत आणि व्हिएन्नातली उघड्यावर, कॅमेऱ्यांसमोर, काहीही न लपवता केलेली धाव यादीबाहेर, हे माझ्या मनाला पटत नाही. किपचोगेने कोणाला फसवलं नाही. काय मदत आहे ते आधीच जाहीर करून तो पळाला.

किनारा

फसवलं असं कोणीच म्हणत नाहीये. डोरांडो पिएत्रीनेही कोणाला फसवलं नव्हतं. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो स्टेडियममध्ये पहिला शिरला, चुकीच्या दिशेला वळला, पुन्हा पुन्हा कोसळला, आणि अधिकाऱ्यांनी त्याला उठवून, हाताला धरून रेषेपार नेलं. पदक गेलं अमेरिकेच्या जॉनी हेजला. पिएत्रीला दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला चषक दिला, आणि लोकांना आज हेजपेक्षा पिएत्रीच जास्त आठवतो. सन्मान मिळाला, सुवर्णपदक नाही. दोन्ही निर्णय योग्य होते. व्हिएन्नालाही तोच न्याय लावा.

गणिती

पिएत्रीला दुसऱ्यांनी उचललं होतं, किपचोगेला कोणी उचललं नाही. ही तुलना मला मुळीच मान्य नाही.

माझा शेवटचा मोठा पुरावा देतो. २६ जून २०२५, पॅरिसचं शारलेटी स्टेडियम. फेथ किपयेगॉन चार मिनिटांच्या आत मैल पळायला उतरली. सोबत १३ पेसर, ११ पुरुष आणि २ बायका, पुढे-मागे वारा अडवायला मांडलेले. खास शिवलेला अंगाला चिकटणारा पोशाख, खास स्पाइक्स. विक्रम धरणार नाही हे आधीच माहीत. तिचा अधिकृत विश्वविक्रम ४:०७.६४. इतकं सगळं करून वेळ आली ४:०६ च्या घरातली. जेमतेम एखाद्या सेकंदाचा फरक! उद्दिष्टापासून सहा सेकंदांहून जास्त लांब.

मदतीने विक्रम विकत घेता येत असता तर त्या रात्री पॅरिसला घेता आला असता. पैसा, बूट, शास्त्रज्ञ, पेसर, सगळं होतं. किपचोगेला व्हिएन्नात जे जमलं ते मदतीच्या जोरावर जमलं म्हणणाऱ्यांनी पॅरिसचा हिशेब द्यावा. आपल्याकडचंही बघा : शिवनाथ सिंगने १९७८ मध्ये जालंधरला २:१२:०० ची मॅरेथॉन पळली. तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त टिकला. प्लेटवाले बूट आपल्या दुकानांत आल्यावरही कित्येक वर्षं कोणाला तो मोडता आला नाही.

भर उन्हात

+१. मुंबई मॅरेथॉनला वेळेचा झेंडा पाठीला लावलेले पेसर असतात, त्यांच्या मागे मागे राहून पेडर रोडचा चढ काढणारे आपण शेकडो जण आहोत. आपण आपल्या टायमिंगला खोटं म्हणतो का?

जुना खेळगडी

तो पेसरही तुमच्याबरोबर तोच चढ चढत असतो हो. तोच तर मुद्दा चाललाय.

एक व्यवहार्य तोडगा सायकलिंगमध्ये आधी झालेला आहे. तासाभरात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत केला, ४९.४३१ किलोमीटर. पुढे सायकली आणि बसायच्या पद्धती इतक्या बदलल्या की १९९६ मध्ये ख्रिस बोर्डमन ५६.३७५ वर पोचला. २००० साली सायकलिंगच्या संघटनेने दोन रकाने केले : मर्क्सच्या काळासारख्या सायकलवरचा विक्रम वेगळा आणि बाकीची 'सर्वोत्तम मानवी कामगिरी' वेगळी. त्याच बोर्डमनने जुन्या धाटणीच्या सायकलवर बसून ४९.४४१ केलं, म्हणजे मर्क्सपेक्षा फक्त दहा मीटर पुढे. मला हे दोन रकाने फार आवडले होते. दुर्दैवाने २०१४ मध्ये ते पुन्हा एकत्र केले. मॅरेथॉनमध्ये असा वेगळा रकाना उघडायला काय हरकत आहे?

पहाटपळ

रकाना उघडा, माझी ना नाही. त्यात व्हिएन्ना आणि मोन्झा मोठ्या अक्षरात लिहा. पण 'मॅरेथॉन' या रकान्यात नको.

गणिती, पॅरिसबद्दल. मैलाच्या चार मिनिटांत पेसर दमायला वेळच कुठे मिळतो? मॅरेथॉनचा खेळच मुळात दमण्याचा आहे. तिसाव्या किलोमीटरनंतर काय होईल ते किपचोगेलाही माहीत नसतं. २०१५ च्या बर्लिनला त्याच्या बुटांतले सोल सुटून टाचेबाहेर आले आणि मैलोन्‌मैल फडफडत राहिले, पाय रक्ताळले, थांबून काढायला वेळ नाही. तसाच पळत तो २:०४:०० ला जिंकला. ऑक्टोबर २०२० च्या लंडनला थंडी-पावसात कान दडपला आणि तोच किपचोगे आठवा आला. २०२३ च्या बोस्टनच्या चढांनी त्याला सहाव्या क्रमांकावर ढकललं. या तिन्ही धावा मी व्हिएन्नाच्या वर ठेवतो, हरलेल्या दोन्ही धरून. तिथे त्याच्यावर जे आलं ते टाळायची कोणीही सोय करून ठेवलेली नव्हती.

गणिती

मग बोस्टन २०११ चं सांगा. जेफ्री मुताई २:०३:०२. तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा ५७ सेकंदांनी वेगवान. पेसर एकही नाही, समोर प्रतिस्पर्धी, शेवटपर्यंत झुंज. तुमच्या कसोटीवर शंभर टक्के उतरणारी धाव. तरी संघटनेने विक्रम मानला नाही, कारण हॉपकिंटनपासून बोस्टनपर्यंतचा रस्ता एकाच दिशेने जातो आणि उतारही नियमापेक्षा जास्त. त्या दिवशी वारा पाठीमागून होता, आणि तो वारा तर शेवटपर्यंत दमला नाही. ताजाच राहिला! मग तो तुमच्या यादीत आत की बाहेर?

पहाटपळ

आत. माझ्या यादीत मुताई आत.

तो वारा मुताईसाठी कोणी आणलेला नव्हता. मोझेस मोसोपच्या पाठीशीही तोच वारा होता, तो चार सेकंदांनी मागे राहिला. रायन हॉलच्या पाठीशीही तोच होता आणि तो २:०४:५८ ला चौथा आला. मुताईला मोसोपला हरवावं लागलं. व्हिएन्नात त्या ४१ जणांपैकी एकालाही किपचोगेला हरवायचं नव्हतं.